वेगळा कप

प्रमिलानं किटलीतलं उकळतं पाणी गोल गोल फिरवलं आणि उंबऱ्याबाहेर फेकून दिलं. पंचफुलाच्या तोंडून 'अगं बाई' निघता निघता राहिलं. त्याच पाण्यासाठी ती पहाटेपासून टँकरची वाट बघत घागर घेऊन उभी होती. प्रमिला तिची धाकटी जाऊ. नवरा निवृत्ती याच्याबरोबर ती सकाळच्या एसटीनं लातूरहून जळकोटजवळच्या या गावी आली होती. पहिलं पाणी नुसतं किटली गरम करायला असतं, ते चहाचं नसतंच, असं तिनं जावेला समजावून सांगितलं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि निवृत्ती नव्या कचेरीत कारकून होता. जिल्ह्याचं बारसं जणू यानंच केलं, अशा थाटात तो बोलायचा. गावाच्या वाट्याला जिल्ह्याकडून आला तो एक टँकर, तोही मनात आलं तर येणारा. पण यांच्या घरी चहाच्या जाती आल्या होत्या. साहेबांच्या बाईकडून प्रमिला त्या शिकली होती. एक लिंबाचा, एक हिरव्या पानाचा, एक दोऱ्याला बांधलेल्या पुडीचा. प्रत्येकाचे डबे तिनं बाजेवर मांडून ठेवले.

पंचफुलानं आपला चहा आधीच केला होता. शेळीचं दूध, आणि ते फाटू नये म्हणून गूळ शेवटी. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या फुलाफुलांच्या कपबशा तिनं राखेनं घासून पुसल्या होत्या. दोघांपुढचे कप तसेच राहिले होते, वर साय धरत होती.

पंचफुलानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, कारण तिला या दोघांची गरज होती. लेक विशाखा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. उदगीरच्या बोर्डिंगात तिला जागा मिळत होती, पण ती आर्ट्सच्या पोरींपुरतीच; पोरीला लातूरच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं, डॉक्टर व्हायचं होतं. काकाच्या घरी राहिली तरच ते जमणार होतं. तेवढं विचारून होईपर्यंत प्रमिलानं घागरभर पाणी फेकलं असतं तरी पंचफुला गप्पच बसली असती.

चहा उतरला. प्रमिलानं फुलाफुलांचेच आणखी तीन कप मागून घेतले आणि पंचफुला, तिचा नवरा ग्यानोबा, विशाखा यांना लिंबाचा चहा ओतून दिला. मग पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले दोन पांढरे कप काढले, एक नवऱ्याला दिला आणि एक स्वतः घेतला. पाण्याची टंचाई आहे, भांडी कशी धुतली जातात कुणास ठाऊक, म्हणून हल्ली कुठंही गेलं तरी आपले कप आपण नेतो, असं तिनं हसत हसत सांगितलं. कुठंही म्हणजे सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा.

ग्यानोबाचं तिकडं लक्षच नव्हतं. भाऊ आला की तो एकच गोष्ट सांगायचा, ती त्यानं सुरू केली होती. गावातल्या हॉटेलाबाहेर कडुलिंबाच्या झाडाला खिळा होता आणि खिळ्याला एक कप. आपल्या बौद्धवाड्यातल्या माणसानं त्याच कपात चहा प्यायचा आणि धुऊन तिथंच अडकवायचा. "आमच्या निवर्तीनं तो कप काढला अन् रस्त्यावर आपटला. लई मार खाल्ला, पण तुकडे उचलू देले न्हाईत कुणाला," ग्यानोबा अभिमानानं म्हणाला.

निवृत्तीनं कपातून डोळे वर काढले नाहीत. एवढा मार खाल्लेला माणूस बायकोला एका शब्दानं बोलू शकला नाही. त्याला पांढरा कप हातात धरवत नव्हता आणि ठेववतही नव्हता. अशा माणसाची चीड यावी, तर तेवढीही त्याची लायकी उरली नव्हती.

शेवटी त्यानंच विषय बदलला. पोरीला लातूरला पाठवा, म्हणाला. घर मोठं आहे, अडचण काही नाही. पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं लेकीला पाया पडायची खूण केली.

विशाखा उठली नाही. तिनं हातातला लिंबाचा चहा खाली ठेवला.

"काकू, तिथं माझा कप कंचा ऱ्हाईल?"

"तुला वेगळा घेऊ की," प्रमिला मायेनं म्हणाली. "चांगला बघून घेऊ."

निवृत्तीच्या कपातला चहा त्याच्या पायजम्यावर सांडला. ग्यानोबानं एकदा भावाकडं पाहिलं, एकदा त्या पांढऱ्या कपाकडं, आणि त्याची गोष्ट पुढं गेलीच नाही.

"मी उदगीरला जाते, बाबा," विशाखा म्हणाली. "बोर्डिंगात समद्यायला जर्मनच्या पत्र्याचे गिलास हायत. सारखेच."

पोरीला सायन्स सोडावं लागणार, हे पंचफुलाला कळत होतं. पाहुण्यांपुढचे साय धरलेले दोन्ही कप तिनं उचलले, एक लेकीला दिला आणि एक स्वतः घेतला. चहा पार थंड झाला होता. तरी मायलेकींनी तो बशीत ओतला आणि फुंकर घालत घालत पाहुण्यांसमोर पिऊन टाकला.