किटलीभर पाणी

केतकी सरावाहून आली की अभ्यासाला बसायची आणि मी तिची रायफल मोरीत नेऊन नळीत किटलीभर उकळतं पाणी ओतायचो. लष्कराच्या जुन्या साठ्यातली काडतुसं निम्म्या दरात मिळायची, पण त्यांचा क्षार नळीत राहिला की लोखंड गंजतं. तो तेलाने निघत नाही, त्याला पाणीच लागतं.

हे तिला कधी सांगितलं नाही. बाप स्वस्तातलं आणतोय म्हटल्यावर तिचा हात बिचकला असता, म्हणून मी ती नव्या काडतुसांच्या खोक्यात भरून द्यायचो.

गेल्या रविवारी मी तापाने फणफणलो होतो. 'तुम्ही पडून राहा बाबा, रायफलचं मी बघते,' ती म्हणाली. गुंगीत मी नुसतं 'बरं' म्हटलं.

आज पेटी उघडली, तर नळी आतून पार गंजलेली. आणि स्पर्धा परवावर.

'सरांनी शिकवलं तसंच तेल लावलं हो, तीनदा पुसलं,' ती हुंदके देत म्हणाली. 'माझंच काहीतरी चुकलं, बाबा. माफ करा.'

खरं सांगायला मी तोंड उघडलं.

'जाऊ दे, बाळा,' मी म्हणालो. 'मी नाही रागावलो.'