मुंग्या

अमेरिकेत, सनीव्हेलच्या एका जपानी रेस्टॉरंटमध्ये बूट काढून, चटईवर मांडी घालून मैत्री आणि कुशल समोरासमोर बसले होते. दोघांच्या आयांनी नागपुरात बसून ठरवलेली ही पहिली भेट. सूप झालं, सुशी झाली, व्हिसावर बोलून झालं. शेवटी कुशलने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"खरं सांगू? मला एवढ्यात लग्न करायचं नाहीये. आईला नाही म्हणता आलं नाही, म्हणून आलो."

"सुटले बाई," मैत्री म्हणाली. "तुम्हाला नाही कसं म्हणायचं, याची मी आठवडाभर प्रॅक्टिस करतेय."

बिल देऊन दोघं उठले. मैत्रीचे पाय इतके बधिर झाले होते, की ती सरळ कुशलच्या अंगावर कलंडली. त्याच्याही पायांना मुंग्या आलेल्या, त्यामुळे तो तिच्यासकट खाली बसला. पुन्हा उठले, पुन्हा बसले. हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. किमोनोतल्या बाईंनी काही न विचारता चहा आणून ठेवला.

मग आणखी एकदा चहा झाला. आता कुणालाच चांगलं दिसायचं नव्हतं. त्याने दहावीत गणितात नापास झाल्याचं सांगितलं, तिने त्याच्या ताटलीत सुशीबरोबरचं उरलेलं आल्याचं लोणचं उचलून खाल्लं. मुंग्या केव्हाच गेल्या होत्या.

तेवढ्यात नागपूरहून आईचा फोन आला. "काय गं, काय ठरलं?"

"थांब ना आई. पायांना मुंग्या आल्यात, उठताच येत नाहीये."

"माझ्याही आल्यात म्हणून सांग," कुशल हळूच म्हणाला.