सामुद्रधुनीतली हाक

सामुद्रधुनीच्या तोंडाशी जहाज तीन दिवस खोळंबलं होतं. देवमाशाच्या मादीने हाक मारून पिल्लाला कडेला घेतलं, की पाण्याखालची यंत्रं ती हाक ओळखून जहाजावरचा दिवा हिरवा करत आणि वाट मोकळी होई. तोवर कुणी पुढे जायचं नाही, असा सगळ्या देशांनी मिळून केलेला कायदा होता.

"पलीकडच्या बेटावर पटकीने माणसं मरतायत, आणि औषधं आपल्याकडे पडून आहेत," कॅप्टन वेर्णेकर म्हणाले. "मागच्या खेपेची हाक आहे ना तुझ्याकडे? लाव."

ध्वनियंत्रावर बसणाऱ्या देवयानी तांडेलला प्रत्येक खेपेची हाक जपून ठेवायची हौस होती. तिने आधी आढेवेढे घेतले, मग जहाजाच्या बुडाशी असलेल्या कर्ण्यातून ती हाक सोडली.

दिवा हिरवा झाला. जहाजाने वेग घेतला.

तेवढ्यात देवमाशांची बोली उलगडून सांगणाऱ्या तिच्या हेडफोनमध्ये बारीक आवाज उमटला. "आलो, आई."

तिने पडद्यावर पाहिलं. पिल्लू सरळ जहाजाच्या रोखाने येत होतं.

"कॅप्टन, थांबवा."

"थांबायला दोन मैल लागतात, देवयानी."

पिल्लू अर्ध्या मैलावर होतं, आणि जीव खाऊन पोहत होतं.