हरिबा डॉक्टरांना दिलेला शब्द

“बनुबाई, माझ्यावर येळ आली की मागं सरायचं न्हाई. शब्द द्या.”

हरिबा डॉक्टरांचं ते बोलणं बनुबाईच्या कानात अजून ताजं होतं. त्याच दिवशी त्यांनी तिच्या अडलेल्या सुनेची सुटका केली होती. तेव्हापासून तुळशीला पाणी घालताना ती आधी त्यांच्यासाठी हात जोडायची, मग घरच्यांसाठी.

हरिबा पलटणीच्या दवाखान्यात मलमपट्टी करायला होते. पदवी नव्हती. गावी आल्यावर त्यांनी दारावर ‘डॉक्टर’ अशी पाटी लावली आणि पलूसपर्यंतची माणसं येऊ लागली. आता कुणीतरी सांगलीला तक्रार केली होती. पदवीवाचून डॉक्टर म्हणवून घेणं हा गुन्हा. आज तासगावच्या कोर्टात साक्षी होत्या.

निघताना सरपंच नानासोंनी देवळासमोर शपथेसाठी बेलभंडाऱ्याचं ताट पुढं केलं. “उचला रं. पाटी गावानं लावली, एवढंच बोलायचं.”

पाटी कुणी रंगवली ते देवालाही ठाऊक होतं. तरी एकेकानं भंडारा उचलला.

“चुगली करणाऱ्या मुडद्याचं त्वांड बघायचंय मला,” दगडाबाई फणकारली.

“दिसंल की कोर्टात,” बनुबाई म्हणाली. तिनं ताटाला नमस्कार केला, भंडारा मात्र उचलला नाही. “मी डॉक्टरांना आधीच शब्द दिलाय.”

“बघा, ह्याला म्हणत्यात उपकाराची जाण!” नानासो म्हणाले.

एसटीत हरिबा शेजारीच बसले. “आज उपास न्हवं तुमचा? पित्ताची गोळी घ्या.” त्यांनी पिशवीतली बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मग तिच्याच हातात दिली. “तुमी पोथी वाचता. बघा जरा, पित्ताचीच हाय न्हवं?”

बाटलीवर त्यांच्याच हातचं अक्षर होतं. गोळी झोपेची होती.

“ऱ्हाऊ द्या, डॉक्टर. घोटभर पाण्यावर भागंल.”

कोर्टाच्या व्हरांड्यात हरिबा हळूच हसले. “कसला शब्द घेतला व्हता वं म्या? आता आठवत बी न्हाई.”

“माझ्या ध्यानात हाय.”

तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. पदर सारखा केला. गावकऱ्यांच्या बाकड्यापुढून चालत जाऊन ती सरकारी वकिलासमोर उभी राहिली.

“साहेब, ‘माझी नजर गेली की माझा दवाखाना बंद पाडा,’ असं डॉक्टरांनीच मला सांगून ठेवलंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “तक्रार द्यायला सांगलीला गेल्ती, ती बाई मीच.”