चारची गाडी

बाळांनो, अशी कल्पना करा की तुमच्या घराण्यात आजवर कुणीच शस्त्र हाती धरलेलं नाही. इंग्लंडमधल्या केंडल गावातल्या क्वेकर लोकांचं, म्हणजे लढाई पाप मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं, तसंच असतं. म्हणूनच फीबीचा दादा फौजेत भरती झाल्यापासून आजोबा त्याच्याशी बोलत नव्हते. आज चारच्या गाडीने दादा फौजेत रुजू व्हायला निघणार होता. आजोबा मात्र प्रार्थनाघराच्या जुन्या वह्यांमध्ये कॅप्टन जोसाया गार्सडेलचं घराणं शोधत बसले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या अधिकाऱ्याबद्दल त्याच्या पलटणीने पत्र पाठवून विचारलं होतं. फीबी त्यांना नोंदी वाचून दाखवत होती आणि पानागणिक आजोबा मागे वळून घड्याळाकडे बघत.

"मान मोडेल हं आजोबा! त्यापेक्षा जा ना स्टेशनवर," फीबी म्हणाली.

"गप. पुढे वाच."

"'जोसायाने तलवार हाती घेतली, म्हणून त्याला आपल्यातून काढलं आहे.' खाली त्याच्या वडिलांची सही."

"बघ! बाप असावा तर असा."

"आणखी एक नोंद आहे, सहा वर्षांनंतरची. 'मुलाची कबर पाहायला स्पेनला जायची परवानगी द्यावी.' सही तीच."

आजोबांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते. फीबीने वही मिटली, खुंटीवरची त्यांची टोपी काढली आणि त्यांच्या हातात दिली.