नखभर

"डुगडुगतंय!" थोरला घरच्यांसमोर कडाडला. "म्हणे सुतार! जेवणाच्या एका टेबलाचे चार पाय सारखे करता येईनात?"

धाकट्याचे कान तापले. त्याने टेबल बाजूला सारून जमिनीवर सरळ पट्टी टेकवली. भिंतीकडची फरशी नखभर वर आली होती. पट्टी हललेली त्याच्याखेरीज फक्त वहिनीने पाहिली. एवढ्याशा खोलीत टेबलाला दुसरी जागाही नव्हती.

"सापडली का चूक?"

"सापडली, दादा." त्याने टेबल उलटं केलं आणि त्या बाजूचा पाय नखभर कापला. टेबल गच्च बसलं.

"बघ, मी सांगत नव्हतो?" म्हणत थोरला ऐटीत हात धुवायला गेला.

वहिनी हळूच म्हणाली, "भावजी, पाय का कापलात? फरशी तर यांनी स्वतः बसवलीये."

"म्हणूनच कापला, वहिनी."