ताशेवाल्याची सुट्टी

दुसरबीडच्या हिंमतरावांच्या बँडमध्ये नियम एकच. लग्नसराईत कोणाला सुट्टी हवी असेल, तर आधी बदली माणूस द्यायचा आणि मगच जागा सोडायची.

"मालक, पण माह्यं सोताचं लगन हाये!" ताशेवाला गोपाल कळवळला.

"मंग? वाजवाले आपलाच बँड हाये ना! बदली दे अन् खुशाल बस घोड्यावर."

गोपालने मावसभाऊ राजकुमारला ताशावर उभं केलं. वरात निघाली, पण राजकुमारचा ताशा डब्यात खडे हलवल्यासारखा वाजू लागला. एकही पाहुणा नाचेना. शेवटी नवरदेवालाच राहवलं नाही. बाशिंग मागे सारून त्यानं घोड्यावरून उडी मारली आणि ताशा हिसकावून घेतला. मग काय विचारता! मामा नाचले, आत्या नाचल्या, नवरीचा बापही नाचला.

तेवढ्यात हिंमतराव ओरडले, "घोड्यावरची जागा रिकामी सोडली काऊन बे? नियम म्हंजे नियम!"

वरात मांडवापाशी पोचली. नवरीची आई आरतीचं ताट घेऊन पुढे झाली.



"मावशी, मले नका ओवाळू!" घोड्याच्या मानेला घट्ट बिलगून राजकुमार किंचाळला, "मी बदलीवर हाव!"